लिंकनच्या घराण्याचा माग

दिवाळीच्या फराळाला चार नातेवाईक जमले आणि गप्पांना रंग चढला, की कोणीतरी वडीलधारे गृहस्थ हटकून घराण्याची कथा काढतात. आपण मूळचे कोकणातले. खापरपणजोबा कोणा सरदाराबरोबर घाटावर आले. त्यांना जमीन इनाम मिळाली. पुढे भाऊबंदकीत ती गेली. घरातल्या पोरासोरांना हे सारे तोंडपाठ झालेले असते. त्यातले खरे किती आणि मागाहून रचलेले किती, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खरे काय ते कुठल्यातरी दप्तरखान्यात रुमालात बांधून पडलेले असते, आणि तिथवर जाण्याची तसदी शंभरांत एखादाच घेतो.

अशी तसदी हौसेने घेणारी माणसे पाहायची तर अमेरिकेत पाहावीत. ज्या देशातल्या गोऱ्या वसाहतींचा इतिहास उण्यापुऱ्या चारशे वर्षांचा, तिथल्या लोकांना पूर्वजांचा केवढा सोस! निव्वळ वंशावळींच्या शोधासाठी बोस्टन शहरात १८४५ साली एक संस्था निघाली, ती आजही चालू आहे. पणजोबांचा पणजोबा कोणत्या जहाजातून उतरला, त्याने कोठे जमीन घेतली, ती विकून तो पुढे कोणीकडे सरकला, हे जुन्या खतपत्रांवरून जुळवीत बसणे हा तिथल्या हजारो कुटुंबांचा फावल्या वेळचा उद्योग आहे. असल्या शोधांपैकी सर्वांत गाजलेला शोध ज्या घराण्याचा झाला, ते घराणे आपल्याही परिचयाचे आहे. अमेरिकेचा सोळावा अध्यक्ष अब्राहम लिंकन याचे ते घराणे.

गंमत अशी, की खुद्द लिंकनला आजोबांपलीकडचे फारसे काही ठाऊक नव्हते.

१८४८ साली लिंकन अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेचा सभासद होता. मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या हिंगहॅम गावी लिंकन आडनावाची पुष्कळ घरे होती. तिथल्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांनी त्याला पत्र घालून विचारले, की आपण आमच्यापैकीच काय? लिंकनने सरळ उत्तर लिहिले. वडिलांचे नाव थॉमस, आजोबांचे अब्राहम. आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले. यापलीकडची माहिती आपल्याजवळ नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो प्रचाराच्या निमित्ताने मॅसॅच्युसेट्समध्ये गेला असता वुस्टर गावी माजी गव्हर्नर लीव्हाय लिंकन यांच्या घरी त्याला जेवायचे आमंत्रण आले. यजमान लिंकन, पाहुणा लिंकन. आपण एकाच कुळातले असू अशी आशा आहे, अशा अर्थाचे काहीतरी पाहुणा सौजन्याने बोललाही. दोघेही एकाच मूळ पुरुषाचे वंशज होते. पण मेजावर बसलेल्यांपैकी ते कोणालाच ठाऊक नव्हते!

अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर लिंकनने स्वतःविषयी दोन छोटी टिपणे लिहून दिली. त्यांत आजोबांचे घराणे व्हर्जिनियात पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून आले, एवढी आणखी एक पायरी त्याने सांगितली. न्यू इंग्लंडमधल्या लिंकनांशी संबंध जोडायचा यत्न केला, पण दोन्हीकडे मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी तीच तीच नावे आढळतात यापुढे गाडी गेली नाही, असेही त्याने नमूद केले. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे, तशी त्यांच्याकडेही होती. लिंकनला तो धागा हातात येऊनही ओढता आला नाही. तो १८६५ साली गोळीला बळी पडला आणि आपले मूळ न कळताच गेला.

त्याच्यामागे तो धागा ओढला तो सरकारी कागदांनी.

अमेरिकेतली काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका म्हणा, लहानसा जिल्हा म्हणा. तिचे एक कचेरीचे गाव असते आणि तिथल्या कोर्टात खरेदीखतांच्या आणि मृत्युपत्रांच्या नकला मोठमोठ्या वह्यांत उतरून ठेवलेल्या असतात. जमिनीचा कागद मोठा बोलका असतो. विकणारा आपण कोणाचा मुलगा, पूर्वी कोठे राहत होतो, ही जमीन आपल्याकडे कोणाकडून आली, हे त्यात सांगतो, कारण ते सांगितल्यावाचून त्याचा हक्कच सिद्ध होत नाही. पुष्कळ ठिकाणी बायकोलाही नवऱ्याच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याचे लिहून द्यावे लागे, म्हणून तिचे नाव सापडते. चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावे येतात. माणूस नातलगांना थाप मारील, चरित्रकाराला मारील. पण विकत घेणाऱ्याच्या वकिलासमोर त्याला खरे बोलावे लागते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. आडनावाच्या वर्णलेखनावर जो विसंबला तो फसला. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. लिंकनच्या आजोबांच्या जमिनीच्या मोजणीच्या कागदावर आडनाव आहे ‘लिंकहॉर्न’!

१८८७ साली सॅम्युएल शॅकफर्ड नावाच्या गृहस्थांनी बोस्टनच्या त्या संस्थेच्या त्रैमासिकात लिंकनची वंशावळ प्रसिद्ध केली. पुढे १९०९ मध्ये ली आणि हचिन्सन या दोघांनी इंग्लंडमधली दप्तरे धुंडाळून आणखी मागचा भाग उजेडात आणला. वाचकांना सगळ्या पायऱ्या मोजायला लावीत नाही; पण नेमका कोठे सांधा जुळला ते सांगण्याजोगे आहे.

पेन्सिल्व्हेनियात ॲमिटी येथे राहणाऱ्या मॉर्डेकाय लिंकन नावाच्या एका सधन लोहाराचे १७३६ साली निधन झाले. त्याने मृत्युपत्रात थोरल्या मुलाला, जॉनला, न्यू जर्सीतली तीनशे एकर जमीन दिली होती. राहायचे पेन्सिल्व्हेनियात आणि जमीन न्यू जर्सीत, हे कसे? जॉनने १७४८ साली ती जमीन विकली. ते खत न्यू जर्सीत सापडले, आणि त्यात विकणारा स्वतःची ओळख करून देतो : ॲमिटीचे कैलासवासी मॉर्डेकाय लिंकन यांचा मी थोरला मुलगा. म्हणजे न्यू जर्सीचा मॉर्डेकाय आणि पेन्सिल्व्हेनियाचा मॉर्डेकाय हे दोन नव्हेत, एकच. मग मॅसॅच्युसेट्समध्ये १७२७ साली वारलेल्या एका थोरल्या मॉर्डेकायच्या मृत्युपत्रात घर सोडून दूर गेलेल्या मॉर्डेकाय आणि अब्राहम या दोन मुलांची नावे मिळाली, आणि साखळी पुरी झाली. लिंकनला ज्या नावांच्या साम्यापलीकडे जाता आले नव्हते, त्या साम्याच्या मुळाशी खरेच रक्ताचे नाते होते.

थोरल्या मॉर्डेकायचा बाप सॅम्युएल लिंकन. हा इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या हिंगहॅम गावचा. नॉरिच शहरातल्या फ्रान्सिस लॉझ नावाच्या विणकराकडे तो उमेदवारी करीत होता आणि १६३७ साली त्या धन्याच्या कुटुंबाबरोबर जहाजाने अमेरिकेला आला. प्रवाशांच्या यादीत त्याचे वय अठरा लिहिले आहे. त्याच्या गावच्या देवळातल्या बाप्तिस्म्याच्या वहीत साल आहे १६२२. म्हणजे पोरगा अवघा पंधरा वर्षांचा! तीन वर्षे पदरची कोणी घातली, त्याने की धन्याने, हे तोच जाणे.

सॅम्युएल गरीब का, याचेही उत्तर एका मृत्युपत्रात आहे. त्याचा आजा रिचर्ड लिंकन हा स्वॉन्टन मॉर्ली गावचा खाऊनपिऊन सुखी जमीनदार. त्याने एकामागून एक चार लग्ने केली, आणि शेवटच्या बायकोच्या मुलांच्या पदरात जमीन घालून थोरल्या बायकोच्या मुलाला, एडवर्डला, जवळजवळ कोरडे ठेवले. हा एडवर्ड म्हणजे सॅम्युएलचा बाप. आपल्याकडच्या कोणत्याही कोर्टात शोभावी अशी ही कथा आहे. म्हाताऱ्याने थोरल्या मुलाला डावलले नसते, तर नातवंडे नॉरफोकातच नांगर धरून राहिली असती.

आता हे लोक दर पिढीला पुढे का सरकत गेले, तेही कागदच सांगतात. मुले पुष्कळ, जमीन तेवढीच. जुनी जमीन चढ्या भावाने विकावी आणि तेवढ्याच पैशांत पलीकडच्या मुलुखात तिप्पट घ्यावी, असा हा साधा हिशेब होता. धाकटा मॉर्डेकाय न्यू जर्सीतून पेन्सिल्व्हेनियात गेला, तिथे लोखंडाच्या भट्टीत त्याची भागी होती; ती विकून त्याने शेती वाढवली. त्याचे १७३३ च्या सुमाराचे दगडी घर अजून उभे आहे. जॉनने पेन्सिल्व्हेनिया सोडला आणि १७६८ साली व्हर्जिनियात लिनव्हिल ओढ्याकाठी सहाशे एकर जमीन अडीचशे पौंडांना घेतली. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम याला बापाने त्यातली जमीन तोडून दिली. पण त्याचे डोळे डोंगरापलीकडच्या केंटकीकडे लागले होते. १७८० साली त्याने जमीन विकली आणि केंटकीतल्या जमिनीच्या चारचारशे एकरांच्या तीन सरकारी चिठ्ठ्या विकत घेतल्या. त्याच्या बायकोने व्हर्जिनियातल्या जमिनीवरचा हक्क सोडला तो मात्र १७८१ साली. त्या सहीवरून कळते, की तोवर बिऱ्हाड हलले नव्हते.

नातवाने म्हणजे अध्यक्ष लिंकनने आपल्या टिपणात लिहिले होते, की आजोबा केंटकीत आले आणि वर्षा-दोन वर्षांत मूळच्या इंडियन रहिवाशांच्या हातून मारले गेले. पण १७८५ च्या मे महिन्यात लाँग रन येथे आजोबांच्या चारशे एकरांची मोजणी झाल्याचा कागद आहे, आणि हजर असलेल्यांत त्यांचे स्वतःचे नाव आहे. म्हणजे तोवर ते हयात होते. मृत्यू १७८६ चा. शेतात काम करताना झाडीतून गोळी आली आणि कॅप्टन कोसळला. मधला मुलगा मदत आणायला गढीकडे धावला, थोरला मॉर्डेकाय घरात पळाला आणि खिंडाराच्या फटीतून नेम धरून त्याने हल्लेखोराला टिपले. धाकटा थॉमस, आठ-दहा वर्षांचा, बापाच्या प्रेताशेजारी उभा होता. ही कथा लिंकनच्या घरी जन्मभर सांगितली गेली.

मारणाऱ्याच्या बाजूने कोणी खत लिहून ठेवलेले नाही. केंटकी ही शॉनी, चेरोकी अशा जमातींची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारीची भूमी. तिच्या चिठ्ठ्या विकल्या जात होत्या व्हर्जिनियाच्या कचेरीत. दप्तर वाचणाऱ्याने हे विसरू नये, कारण दप्तर ते कधीच सांगत नाही.

आता सांगायची गोष्ट वेगळीच आहे. लिंकनचा बाप थॉमस हा आळशी, कुचकामी, आज इथे तर उद्या तिथे बिऱ्हाड थाटणारा इसम होता, असे वर्षानुवर्षे छापले जात होते. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने लिहिलेल्या चरित्राने तर थॉमसची लाजच ठेवली नाही. खुद्द लिंकनही बापाविषयी प्रेमाने बोलत असे असे नाही. चिखलातून कमळ उगवावे तसा मुलगा निपजला, हे दाखवायचे तर चिखल हवाच. चरित्रकारांनी तो हौसेने कालवला.

१९२० नंतरच्या काळात लुई वॉरन नावाच्या धर्मोपदेशकाने केंटकीतल्या काउंट्यांची दप्तरे पानन्‌पान चाळली. तो काही काळ थॉमसच्याच भागात एक स्थानिक वर्तमानपत्रही चालवीत होता. १९२६ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि थॉमस लिंकन वेगळाच दिसू लागला.

पहिली गोष्ट, तो गरीब का झाला? कॅप्टन अब्राहम मेला तेव्हा केंटकी व्हर्जिनियाच्याच ताब्यात होते, आणि तिथल्या जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर सारी स्थावर मिळकत थोरल्या मुलाला जाई. हा अन्याय्य कायदा रद्द झाला होता, नाही असे नाही. पण नवा कायदा लागू व्हायचा होता १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन गोळी लागून पडला १७८६ मध्ये! काही महिने उशिरा पडता, तर थॉमसला जमिनीचा वाटा मिळाला असता. शेकडो एकरांचा धनी झाला थोरला मॉर्डेकाय, आणि थॉमस लोकांच्या शेतावर मजुरी करीत वाढला. घराण्यातली सगळी अक्कल मॉर्डेकायकाका घेऊन गेला, असे लिंकन थट्टेने म्हणे असे सांगतात. अकलेचे ठाऊक नाही, पण जमीन त्याने नेली ती कायद्याने. रिचर्ड म्हाताऱ्याने थोरल्याला डावलले म्हणून एक पिढी उघडी पडली. आता थोरल्यालाच सारे मिळाले म्हणून दुसरी पडली.

तरीही थॉमसने १८०३ साली, पंचविशीच्या आसपास, मिल क्रीक येथे २३८ एकर जमीन ११८ पौंड मोजून घेतली. कराच्या वह्यांत त्याचे नाव आहे, घोडी आहेत. पंच म्हणून तो कोर्टात बसल्याची नोंद आहे. १८१४ साली काउंटीतल्या ९८ मालमत्ताधारकांत त्याचा क्रमांक होता पंधरावा. याला भिकारी म्हणायचे तर उरलेल्या त्र्याऐंशी जणांना काय म्हणावे?

मग जमीन गेली कशी? इथे केंटकीच्या मोजणीची करामत आहे. व्हर्जिनिया सरकारने चिठ्ठ्या विकल्या, पण जमीन आधी मोजून दिली नाही. ज्याने त्याने मनाजोगी जागा धरावी, आपल्या खर्चाने मोजून घ्यावी. हद्द कोणती? अमक्या ओढ्याच्या मुखापासून तमक्या ओकच्या झाडापर्यंत, तिथून तीन बीच वृक्षांपर्यंत, अशी. झाड पडले, ओढ्याने पात्र बदलले, की हद्द गेली. एकाच जमिनीवर तिघाचौघांचे हक्क, घराच्या छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक. वकिलांची मात्र चंगळ झाली.

मिल क्रीकची जमीन थॉमसने १८१४ साली विकायला काढली, तेव्हा ती मोजणीत भरली फक्त दोनशे एकर. अडतीस एकर हवेत गेले, आणि ११८ पौंडांचे हातात आले शंभर. दरम्यान १८०८ च्या डिसेंबरात त्याने सिंकिंग स्प्रिंग येथे दोनशे डॉलरला शेत घेतले होते. तिथल्याच लाकडी खोपटात १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम जन्मला. या शेताच्या हद्दीची खूण म्हणून १८०५ च्या मोजणीत एक पांढरा ओक नोंदलेला होता. त्या एका झाडाने मात्र आपले काम चोख बजावले. ते थेट १९७६ पर्यंत जगले. पण हद्द नीट असून उपयोग काय? जमिनीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा निघाला आणि ती कोर्टात अडकली. तिसऱ्या खेपेला नॉब क्रीक येथे थॉमसने खंडाने जमीन घेतली. छोट्या अब्राहमच्या पहिल्या आठवणी इथल्याच. तिथेही फिलाडेल्फियाच्या एका घराण्याने दहा हजार एकरांवर दावा लावला आणि शेतकऱ्यांना हुसकायला कज्जा केला. प्रतिवाद्यांत थॉमसचे नाव. त्याच १८१६ साली काउंटीच्या कोर्टाने त्याला गावच्या रस्त्याच्या एका तुकड्याची देखरेख सोपवली होती. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची आहे की नाही याचा पत्ता नाही, त्याच्यावर रस्ता राखण्याची जबाबदारी!

१८१६ च्या हिवाळ्यात तो कंटाळून ओहायो नदीपलीकडे इंडियानात गेला. नॉब क्रीकच्या कज्जाचा निकाल लागला १८१८ मध्ये, आणि तो लागला थॉमसच्या बाजूने. पण तोवर तो तिथे होता कुठे!

बाप केंटकी सोडून का गेला, याची दोन कारणे लिंकनने पुढे लिहिली. थोडे गुलामगिरीमुळे, आणि मुख्यतः जमिनीच्या हक्कांतल्या भानगडींमुळे. पहिल्या कारणावर व्याख्याने झाली, पुस्तके झाली. दुसरे वाचायला कोणी फारसे थांबले नाही. इंडियानात मोजणी निराळी होती. १७८५ च्या वटहुकुमाप्रमाणे सारा मुलुख आधी चौकोनांत आखलेला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक मोठा चौकोन, त्याचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. इथे झाड नाही, ओढा नाही. अमुक भागाचा अमुक चतुर्थांश, की संपले. व्हिन्सेन्सच्या सरकारी कचेरीत १८१७ च्या ऑक्टोबरात थॉमसने असा १६० एकरांचा चतुर्थांश आपल्या नावे लावला, एकरी दोन डॉलर भावाने. सगळे पैसे फेडणे झेपले नाही, तेव्हा त्याने अर्धी जमीन परत केली आणि ऐंशी एकर राखले. १८२७ मध्ये त्या ऐंशी एकरांचे पक्के खत त्याच्या हाती आले. त्या काळी असल्या खतांवर अध्यक्षाच्या नावाची सही असे. थॉमसच्या खतावर जॉन क्विन्सी ॲडम्सची आहे. वयाच्या पन्नाशीच्या आगेमागे त्याला पहिल्यांदा अशी जमीन मिळाली, की जिच्यावर दुसरा कोणी बोट ठेवू शकत नव्हता.

आणखी एका कागदाची हकीकत सांगायलाच हवी. लिंकनच्या आईबापांचे लग्नच झाले नव्हते, अशी कुजबूज त्याच्या हयातीपासून चालू होती. एलिझाबेथटाउनच्या कचेरीत शोध झाला, नोंद मिळाली नाही. मग काय विचारता! १८७८ साली शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीचे कारकून बुकर यांनी आपल्याच दप्तरातून ती नोंद काढली. १० जून १८०६ चा करारनामा, त्याखाली थॉमसची वेडीवाकडी सही. १२ जूनला लग्न. लोक चुकीच्या तालुक्यात शोधीत होते, एवढेच. पण सही सापडली तेव्हा मुलाला जाऊन तेरा वर्षे झाली होती.

१८३० मध्ये थॉमस इंडियाना सोडून इलिनॉयला गेला. अब्राहम पुढे स्प्रिंगफील्डला वकील झाला, आणि बापलेकांत अंतर पडत गेले. १८५१ साली थॉमस वारला, तेव्हा अब्राहम अंत्यविधीला गेला नाही, हेही खरे. पण कोल्स काउंटीच्या दप्तरात २५ ऑक्टोबर १८४१ चे एक खत आहे. त्याप्रमाणे अब्राहमने बापाकडून चाळीस एकर दोनशे डॉलरला विकत घेतले. अट एकच : थॉमस आणि त्याची दुसरी बायको सारा, म्हणजे अब्राहमची सावत्र आई, जिवंत आहेत तोवर जमिनीचा ताबा आणि उपभोग त्यांचा. बाप गेल्यावर सावत्रभावाने ती जमीन विकायचा घाट घातला, तेव्हा अब्राहमने त्याला पत्रे लिहून आईचा हक्क राखला. म्हातारी १८६९ पर्यंत जगली, मुलाच्याही नंतर चार वर्षे. तिच्या भोवतालचे लोक त्या तुकड्याला म्हणत, ‘अब्राहमचे चाळीस एकर’.